नैराश्याच्या गोळ्या, नदीचे पाणी आणि मासे: गोळी बंद करावी का?

मागच्या उन्हाळ्यात धुळ्याकडच्या एक मावशी तपासणीला आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. सात-आठ महिन्यांपासून सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी चालू होती, झोप आणि भूक जागेवर आली होती, शेजारपाजारी जाणे-येणे सुरू झाले होते. त्या दिवशी मात्र चेहरा पार उतरलेला. चक्कर येते, डोक्यात मधूनच वीज चमकल्यासारखे होते, कारण नसताना सुनेवर ओरडते, असे सांगत होत्या. खोदून विचारल्यावर कळले की गोळी बंद करून नऊ दिवस झाले.

कारण विचारले, तर मुलाने पुण्याहून मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. डिप्रेशनच्या गोळ्या लघवीतून नदीत जातात आणि मासे वेडे होतात, असे त्यात सांगितले होते. मावशींचे माहेर तापीकाठचे. "आपल्या दुखण्यापायी मुक्या जिवाला कशाला त्रास," म्हणून त्यांनी गोळी थांबवली. एवढेच नाही, घरात पडलेल्या तीन स्ट्रिप्स संडासात रिकाम्या करून वर बादलीभर पाणी ओतले. आणि मला विचारत होत्या, "डाक्टर, आते गोया बंदच ठेऊ ना?"

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, किंवा घरातल्या कोणी तुम्हाला विचारला असेल, म्हणून हा लेख. व्हिडिओतली गोष्ट निराधार नव्हती. पण त्यावर मावशींनी जो उपाय केला, त्याने त्यांचे नुकसान झाले आणि माशांचाही फायदा झाला नाही. तो कसा, ते पुढे हिशोबासकट सांगतो.

गोळी पोटात गेल्यावर काय होते

आपण घेतलेली कोणतीही गोळी शरीरात पूर्णपणे संपत नाही. यकृत तिचे रूप बदलते, मग ती लघवी किंवा शौचावाटे बाहेर पडते. काही भाग मूळ रूपात, काही बदललेल्या रूपात. फ्लुओक्सेटिन ही या गटातली जुनी गोळी. तिचे शरीरात नॉरफ्लुओक्सेटिन बनते. ते मूळ औषधासारखेच काम करते आणि शरीरात त्याहून जास्त दिवस टिकते. काही औषधांना यकृत साखरेसारखा एक रेणू जोडून निष्क्रिय करते, पण गटारातले जिवाणू ती जोडणी तोडतात आणि औषध पुन्हा मूळ रूपात येते.

सर्ट्रालिनचे थोडे वेगळे आहे. लघवीत मूळ सर्ट्रालिन जवळजवळ येतच नाही. गोळीतले सुमारे १२ ते १४ टक्के औषध शौचावाटे जसेच्या तसे बाहेर पडते, बाकीचे रूप बदलून. म्हणजे मावशींच्या गोळीपुरता तरी व्हिडिओतला 'लघवीतून' हा शब्द चुकीचाच होता.

तिथून पुढचा प्रवास तुम्हाला माहीत आहे. गटार, नाला, नदी. किंवा सेप्टिक टँक, मग मैला उपसणारी गाडी, आणि ती गाडी जिथे रिकामी होईल ती जागा. जिथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे तिथेही ते मुख्यतः मैला, घाण वास आणि ऑक्सिजन खाणारा कचरा कमी करण्यासाठी बांधलेले असते. औषधाचे रेणू पकडणे हे त्याचे काम नव्हे. त्यातले काही रेणू जिवाणू खाऊन टाकतात, काही गाळाला चिकटून खाली बसतात (सर्ट्रालिन त्यातलेच), आणि व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधे बऱ्याच प्रमाणात पाण्याबरोबर पुढे निघून जातात.

ही औषधे नदीत हळूहळू विघटित होतात हे खरे. पण शहरातली हजारो माणसे रोज गोळी घेतात, त्यामुळे जेवढे नष्ट होते तेवढे रोज नव्याने येऊन मिळते. माशाच्या दृष्टीने पाहिले तर ते पाण्यात कायमच असते.

उन्हाळ्यातली नदी

औषध किती पातळ होते हे नदीत पाणी किती आहे यावर ठरते. पावसाळ्यात तापी दुथडी भरून वाहते तेव्हा शहराचे सांडपाणी त्यात हरवून जाते. पण मे महिन्यात धुळ्यात पांझरेच्या पुलावर उभे राहून खाली पाहा, किंवा जळगावजवळ गिरणेच्या पात्रात उतरून पाहा. धरणातून आवर्तन सुटलेले नसेल तर डबक्यांत जे पाणी दिसते त्यात शहराच्या नाल्यांचा वाटा मोठा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात सर्वाधिक, म्हणजे ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते, आणि तापी व गिरणा यांचे पट्टेही त्यात आहेत. ती यादी सांडपाण्याचा सेंद्रिय भार मोजून केलेली आहे, औषधे मोजून नाही. पण माणसाचा मैला जिथे पोहोचतो तिथे माणसाची औषधेही पोहोचतात, हे उघड आहे.

पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीत वरच्या बंधाऱ्यावर पाणी कमी-जास्त झाले की खालच्या फडाला लगेच कळायचे. औषधाचे तसे नाही. त्याला रंग नाही, वास नाही, फेस नाही.

माशांत काय आढळले

अशाच कमी पाण्याच्या एका ओढ्यावर झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डेंटन शहराजवळ पेकन क्रीक नावाचा ओढा आहे. त्यात वाहणारे पाणी बहुतांशी शहराच्या प्रक्रिया केंद्रातून सोडलेले. २००५ मध्ये तिथल्या माशांच्या मेंदूत, यकृतात आणि मांसात फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन आणि त्यांची बदललेली रूपे सापडली. २०१७ मध्ये नायगारा नदीतल्या दहा जातींच्या माशांवर असेच काम झाले. तिथे माशांच्या मेंदूत सर्ट्रालिनचे बदललेले रूप ठळकपणे दिसले. ही औषधे तेलात विरघळणारी असल्याने कल्ल्यांतून आत शिरतात आणि मेंदूत साठतात. आपल्या मेंदूत पोहोचावीत म्हणूनच ती तशी बनवलेली आहेत.

आता माशाच्या मेंदूत त्यांचे काय काम, असे तुम्ही विचाराल. सेरोटोनिन हे रसायन फक्त माणसाचे नाही. माशांत, बेडकांत, गोगलगायीत, शिंपल्यांत, झिंग्यांतही ते असते. भीती, भूक, भांडणे, जोडीदार शोधणे, अंडी घालणे अशा गोष्टींत त्याचा हात असतो. तुमच्या मेंदूतले सेरोटोनिन वाढवणारी गोळी त्यांच्यातही काही ना काही फरक करणारच.

काही नोंदी विलक्षण आहेत. फ्लुओक्सेटिनच्या पाण्यात ठेवलेले शिंपले अवेळी अंडी आणि बीज सोडू लागतात, हे १९९८ मध्येच दिसले होते. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात झिंग्यासारखे लहान जीव नेहमीप्रमाणे अंधारात लपायचे सोडून उजेडाकडे पोहू लागले. पाण्यात औषध होते लिटरला फक्त १०० नॅनोग्रॅम. उजेडात आलेला झिंगा पक्ष्याला आणि माशाला आयताच सापडतो. २०२१ मध्ये कृत्रिम ओढ्यांत सिटॅलोप्रॅम मिसळून क्रेफिशवर प्रयोग झाला. ते लपण्याच्या जागेतून लवकर बाहेर आले आणि जास्त वेळ खात राहिले.

त्याच वर्षीचा एक प्रयोग आपल्या ओळखीच्या माशावर आहे. डेंग्यू-हिवतापाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी हौदात आणि डबक्यात सोडतात तो गप्पी मासा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी साडेतीन हजारांहून अधिक गप्पी दोन वर्षे फ्लुओक्सेटिन मिसळलेल्या पाण्यात वाढवले. प्रमाण नद्यांत सापडते तेवढेच. साध्या पाण्यात प्रत्येक गप्पीचा स्वभाव वेगळा असतो, एखादा धीट, एखादा भित्रा, एखादा चपळ. औषधाच्या पाण्यात हा फरक कमी झाला, सगळे मासे एकसारखे वागू लागले. संकट आले की धीट माशाने एका प्रकारे आणि भित्र्याने दुसऱ्या प्रकारे वाचावे, ही निसर्गाची सोय असते. ती इथे विरत गेली.

घाबरेपणावरची गोळी ऑक्झाझेपाम हिच्यावरही स्वीडनमध्ये २०१३ मध्ये असेच काम झाले. पर्च जातीचे मासे कळप सोडून एकटे हिंडू लागले, धीट झाले, भराभर खाऊ लागले.

म्हणजे 'मासे वेडे होतात' हे भडक झाले. मासे मरून वर येत नाहीत. त्यांच्या वागण्यात बारीक बदल होतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालला तर नदीतल्या खाणाऱ्या-खाल्ले जाणाऱ्यांचा मेळ बिघडू शकतो. आणि हेही सांगितले पाहिजे की प्रयोगांचे निष्कर्ष सारखे नाहीत. कित्येक प्रयोगांत औषधाचे प्रमाण नदीपेक्षा खूप जास्त ठेवलेले असते, आणि काही जाती इतरांपेक्षा अधिक हळव्या असतात.

कारखान्याचे पाणी ही वेगळी गोष्ट आहे

आपल्या देशातले सर्वात गाजलेले उदाहरण हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे. तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी येत असे. २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारे पाणी तपासले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यात प्रचंड होते, त्यामुळे चर्चा त्याचीच झाली. पण नैराश्यावरचे सिटॅलोप्रॅमही लिटरला ८०० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते. सोप्या भाषेत, त्या पाण्याच्या दोन मोठ्या बादल्यांत २० मिलिग्रॅमची एक पूर्ण गोळी. घरांचे सांडपाणी मिसळलेल्या नदीत प्रमाण लिटरला १०० नॅनोग्रॅम धरले, तर तेवढीच एक गोळी मिळवायला दहा हजार लिटरचे वीस टँकर भरावे लागतील. या दोन आकड्यांतला फरक लक्षात असू द्या. प्रदूषणाचा सगळा दोष गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या माथी मारणारा व्हिडिओ पाहिला की मला हा फरक आठवतो.

ते पाणी आपण प्यायलो तर? ते मासे खाल्ले तर?

वरचाच आकडा घ्या. लिटरला १०० नॅनोग्रॅम औषध असलेले पाणी तुम्ही रोज दोन लिटर प्यायलात, तर २० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला सुमारे २७४ वर्षे लागतील. माशाच्या मांसात सापडणारे औषधही ग्रॅममागे नॅनोग्रॅमच्या हिशोबात असते. त्याने माणसावर नैराश्याच्या गोळीचा परिणाम होईल, ही भीती बाळगू नका. गरोदर सुनेला मासे देऊ का, असेही एकांनी विचारले होते. या औषधांसाठी मासे बंद करायचे कारण नाही. नाल्याच्या तोंडाशी धरलेले मासे मात्र टाळा. तिथे खरी भीती जंतूंची आणि जड धातूंची असते.

मासा चोवीस तास त्याच पाण्यात श्वास घेतो, म्हणून त्याचा हिशोब वेगळा.

गोळी का थांबवायची नाही

मावशींना जे झाले ते औषध एकदम तोडल्याचे परिणाम होते. चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखे वाटणे, चिडचिड, विचित्र स्वप्ने. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन बंद केल्यावर हा त्रास जास्त होतो, फ्लुओक्सेटिनने कमी. तो जीवघेणा नसतो, पण माणूस हवालदिल होतो. त्याहून मोठा धोका म्हणजे आजार उलटणे. पहिल्यांदाच नैराश्य आले असेल तर बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते, मग हळूहळू डोस उतरवत थांबवावी लागते. पुन्हा पुन्हा आजार झालेल्यांना त्याहून जास्त काळ. नैराश्याने माणसाचा जीव जाऊ शकतो. खान्देशात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायची गरज नाही.

आणि आता तो हिशोब. मावशींनी तीन स्ट्रिप्स, म्हणजे ३० गोळ्या संडासात ओतल्या. पोटातून गेलेल्या गोळीतले १२-१४ टक्के औषधच मूळ रूपात बाहेर पडते, ओतलेल्या गोळीतले मात्र शंभर टक्के. म्हणजे त्या ३० गोळ्यांतून जेवढे मूळ औषध नाल्यात गेले, तेवढे रोज एक गोळी घेऊन जायला साडेसात महिने लागले असते. बदललेल्या रूपाचाही थोडा परिणाम असतो, म्हणून हा हिशोब ढोबळ धरा. तरी मुद्दा बदलत नाही. आठ महिन्यांच्या उपचारातून जेवढे गेले असेल, साधारण तेवढेच मावशींनी एका सकाळी सोडून दिले.

उरलेल्या गोळ्यांचे काय करायचे

गोळ्या उरतात कशा, ते आधी पाहू. डोस बदलला, एक गोळी मानवली नाही म्हणून दुसरी दिली, माणूस बरा झाला, किंवा मध्येच सोडून दिली. आम्हा डॉक्टरांचाही यात दोष आहे. पारोळा-शिरपूरकडून एसटीने येणारा रुग्ण "तीन महिन्यांचं लिहून द्या" म्हणतो आणि आम्ही लिहून देतो. नवीन गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना पहिल्या खेपेला दहा-पंधरा दिवसांचीच घ्या. गोळी मानवते आहे हे कळल्यावर महिन्याची. मेडिकलवाल्याने पूर्ण डबा पुढे केला तरी चिठ्ठीवर असतील तेवढेच दिवस मोजून घ्या.

तरीही उरल्या, तर संडासात, मोरीत, नाल्यात किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात टाकू नका. चुलीत जाळू नका. शेजारणीला "मला लागू पडली, तूही घे" म्हणून तर मुळीच देऊ नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधे घरातला घातक कचरा म्हणून वेगळी मोजलेली होती, बॅटरी आणि ट्यूबलाइटच्या जोडीला. त्यामुळे वेगळ्या पिशवीत घालून, वर 'जुनी औषधे' असे लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात द्या. आधी मेडिकलवाल्याला किंवा दवाखान्यात विचारून पाहा, काही जण घेतात. यातले काहीच जमत नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, जाड पिशवीत गाठ मारून बंद करा आणि सुक्या कचऱ्यात द्या. चोथ्यात कालवल्यावर मूल किंवा जनावर तोंड लावत नाही. हा उपाय आदर्श नाही. पण कचरा डेपोत पडलेली गोळी थेट नाल्यात ओतलेल्या गोळीपेक्षा पाण्यात कमी आणि उशिरा पोहोचते.

एक गोंधळ होऊ शकतो म्हणून सांगतो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये जुन्या औषधांच्या विल्हेवाटीबद्दल सूचना काढल्या. त्यात ट्रॅमाडॉल, डायझेपाम अशी १७ औषधे घरात पडून राहण्यापेक्षा संडासात टाकलेली बरी, असे म्हटले आहे, कारण ती दुसऱ्याच्या हाती लागणे जास्त धोक्याचे. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या त्या यादीत नाहीत. केरळने त्याच वर्षी कोझिकोडपासून घरातली उरलेली औषधे गोळा करायला सुरुवात केली. असे आपल्याकडेही व्हावे यासाठी नगरसेवकाला एक अर्ज द्यायला हरकत नाही. रुग्णाने गोळी सोडण्यापेक्षा त्याने नदीचे जास्त भले होईल.

साठा घरात ठेवण्याचा आणखी एक धोका आहे आणि तो माशांचा नाही. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या एकाच वेळी जास्त घेतल्या तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. घरात फवारणीचे औषध कुलपात ठेवा, असे आम्ही शेतकरी कुटुंबांना सांगतो. नैराश्याचा रुग्ण असलेल्या घरात गोळ्यांचेही तसेच करावे. किल्ली घरातल्या दुसऱ्या कोणाकडे असावी आणि रोजची गोळी त्यानेच हातात द्यावी. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नका, १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

मावशींची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. पाच-सहा दिवसांत चक्कर थांबली. तुमचीही गोळी अशी मध्येच सुटली असेल तर आपल्या मनाने जुना डोस एकदम सुरू करू नका. किती दिवस खंड पडला, किती मिलिग्रॅमची गोळी होती आणि आता काय त्रास होतो आहे, हे डॉक्टरांना फोन करून सांगा. खंड मोठा असेल तर ते कमी डोसपासून सुरुवात करायला सांगतील. येताना उरलेल्या स्ट्रिप्स बरोबर आणा, मुदत तपासून त्याच वापरता येतात.